ओली नाळ

फलटणहून समुद्र सरळ रेषेत मोजला तर दीडशे किलोमीटर. पण मधे सह्याद्री उभा आहे, त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला समुद्र येतो तो सहलीपुरता. पहाटे चारला लाल एसटी निघते. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाटात चारपाच जणांना मळमळ, चिपळूणला थांबून पोहे, आणि दुपार कलायच्या आत गणपतीपुळे. देवदर्शन, मालगुंडला केशवसुतांचं घर, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी. सत्तावीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आहे आणि ही वाट मला आता डोळे मिटूनही दिसते.

२०१२च्या जानेवारीतली सहल मात्र वेगळी राहिली मनात. पुळ्याच्या अलीकडे एका किनाऱ्यावर मुलांना अर्धा तास खेळायला सोडलं होतं. ओहोटी होती, वाळू लांबवर उघडी पडलेली. मी मुलं मोजत होते (सहलीला गेलेली मास्तरीण समुद्र बघत नसते, ती डोकी मोजत असते), तेवढ्यात दहाबारा जण एका जागी गोल करून उभे असलेले दिसले. धावत गेले. मधे वाळूवर अडीच फुटांचं, भिजलेल्या पाटीच्या रंगाचं एक जनावर पडलं होतं. मेलेलं. पाठीवर पंख नाही, तोंड बोथट आणि गोल, अंगावर उभ्या पुसट वळ्या, जणू घडी घालून ठेवलेलं कापड नुकतंच उलगडलं असावं.

सगळी मुलं नाकाला रुमाल लावून उभी होती. एकच जण त्याच्याजवळ उकिडवा बसला होता. धनगरवस्तीवरचा, मागच्या बाकावरचा, वर्गात तोंड न उघडणारा. दिवाळी झाली की त्याच्या घरची मेंढरं कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. हा आजीजवळ राहून शाळा शिकत होता. त्यानं मान वर न करता मला सांगितलं,

"मॅडम, ह्याची नाळ अजून वाळली नाय. दोन-चार दिसाचं असंल."

मी बघितलं. पोटाखाली खरोखरच देठासारखा ओला, लालसर तुकडा होता.

"ह्याची आय कुठं आसंल?" त्यानं विचारलं.

मी काय म्हटलं ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. "मासा मेलाय, त्यात काय बघायचं? चला, गाडी थांबलीय."

मासा. त्याच महिन्यात मी याच वर्गाला सस्तन प्राणी शिकवले होते. 'देवमासा हा मासा नाही, शास्त्रीय कारण लिहा' हा प्रश्न फळ्यावर लिहून उत्तर उतरवून घेतलं होतं: फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो, दूध पाजतो. वर्गात पाठ झालेलं ते उत्तर वाळूवर साक्षात पडलेलं होतं. कोकरांच्या नाळा रोज बघणाऱ्या एका पोरानं ते अचूक वाचलं होतं, आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याला मासा म्हटलं. तो काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघून उठला. गाडीत सगळ्यात शेवटी चढला, हात कोपरापर्यंत वाळूनं भरलेले. उशीर केला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले.

ते जनावर म्हणजे फिनलेस पॉरपॉईज, डॉल्फिनच्या नात्यातलं, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारं. हे मला फार उशिरा, एका चित्रावरून कळलं. अंगावरच्या त्या वळ्या आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या खुणा असतात आणि जन्मानंतर काही काळानं त्या जातात, हेही तेव्हाच वाचलं. मुलगा बरोबर होता. जन्मून थोडेच दिवस झाले होते त्या पिल्लाला.

मग आली २०२३ची दिवाळी. १३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला एक प्रचंड जीव येऊन लागला. तीसेक फूट लांब, काही टन वजनाचा, आणि तरीही पिल्लूच. निळ्या देवमाशाचं पिल्लू म्हणून बातम्या आल्या. सरकारी खात्यांची माणसं, तटरक्षक दल, गावकरी, पर्यटक, सगळे धावले. त्याच्या अंगावर पाणी मारत राहिले, ओली कापडं टाकली, भरतीच्या वेळी समुद्रात लोटलं, ते पुन्हा वाळूला लागलं. चाळीसेक तासांच्या झटापटीनंतर ते ओढून खोल पाण्यात नेलं. 'जीवदान' असे मथळे झाले. आमच्या घरी भाऊबीज होती. भाच्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि मग दोन दिवसांत ते पिल्लू मेलेलंच परत आलं. ही दुसरी बातमी पहिलीच्या मानानं लहान होती, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातल्या कितीजणांपर्यंत पोचली कोण जाणे. माझ्या भाच्यांना मी सांगितली. धाकटी रडली. सांगायला नको होतं असं तिच्या आईला वाटलं. मला अजूनही वाटतं की सांगायलाच हवं होतं.

त्या व्हिडिओंमध्ये मला पिल्लापेक्षाही माणसं जास्त दिसली. दिवाळीच्या सुट्टीत पुळ्याला कोण असतं? आम्हीच. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडची, देशावरची माणसं. कुणी मूल खांद्यावर घेऊन पुढे घुसत होतं, कुणी पाठ करून फोन उंच धरत होतं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. समुद्राकाठच्या माणसाला अशा प्रसंगाची पिढ्यान्‌पिढ्यांची थोडीतरी समज असते. आमच्याकडे ती नाही, कारण आम्हाला ती कधी कुणी दिलीच नाही. मी तर देण्याची संधी हातची घालवली होती.

'आपल्याला काय करायचंय समुद्राचं, पोरं शेवटी उसाच्या नाहीतर डाळिंबाच्या बागेत जाणार,' असं मला शिक्षकांच्या खोलीत ऐकवलं जातं. त्याला माझं उत्तर ती गर्दीच आहे. किनाऱ्याला जीव लागतो तेव्हा भोवती जे कडं होतं, त्यात आम्ही असतो. ९ डिसेंबर २०२०ला पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता. कोथरूडला तरी कुठे समुद्र आहे? माणसं त्याच्या मागं धावत राहिली, तो भिंतींवर धडकत राहिला, आणि पकडल्यावर थोड्याच वेळात संपला. जनावर वाट चुकलं की त्याच्याशी कसं वागायचं, ही एकच विद्या आहे; प्राणी फक्त बदलतो.

म्हणून त्या दिवाळीनंतर मी दरवर्षी, सहलीच्या आधीच्या आठवड्यात, दोन तास यासाठी काढून ठेवते.

पहिला तास मैदानावर. आमच्याकडे खो-खो म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे मैदान आखायची फक्की शाळेत कायम असते. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब. मी मुलांना सांगते, एका खांबाच्या मागून निघा आणि दुसऱ्या खांबाच्या मागं शेपटी संपवा. असा पूर्ण वाढलेला निळा देवमासा फक्कीनं आखून होतो. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्यांत सगळ्यात मोठा प्राणी. मग त्याच्या शेजारी पुळ्याचं पिल्लू आखायचं, दहा पावलांचं, म्हणजे कबड्डीच्या मैदानाची रुंदी. मुलं त्या रेघांच्या आत शिरून उभी राहतात तेव्हा त्यांचे आवाज आपोआप खाली येतात. दरवर्षी.

तिथंच उभं राहून दुधाची गोष्ट निघते. निळ्या देवमाशाचं पिल्लू दिवसाला दोनशे लिटरच्या वर दूध पितं आणि दिवसाला नव्वद किलोच्या आसपास वाढतं. अर्ध्याअधिक वर्गाच्या घरी जनावरं आहेत, सकाळी किटली घेऊन संकलन केंद्रावर जाणारी मुलं ही. लगेच प्रश्न येतो, "फॅट किती लागती, मॅडम?" म्हशीच्या दुधाला सात लागली तर घरात आनंद होतो. देवमाशाच्या दुधाला पस्तीसच्या पुढं, कधी पन्नासच्या घरात लागते. वर्गात असा सन्नाटा मी दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं पाडू शकलेले नाही. आणि मग मुलं स्वतःच पुढचं बोलतात: असलं दूध पिणारं पोर आईपासून तुटलं, तर त्याला समुद्रात नेऊन सोडून काय होणार? सहासात महिने तरी ते आईच्या दुधावर असतं. नुसतं पाणी मिळून भागत नाही त्याचं. पुळ्याला जे झालं ते का झालं असावं, हे त्यांना माझ्याआधी कळतं. झटणाऱ्यांचे कष्ट वाया गेले असं मी म्हणत नाही आणि मुलांनाही म्हणू देत नाही. पण पाण्यात परत घालणं आणि वाचवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यांना उमगावं असं वाटतं.

दुसरा तास वर्गाबाहेरच्या झाडाखाली. खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून आम्ही एक पोटावर पडलेलं धूड रचतो. वर एक भोक काढलेलं, ते नाक. मग मी विचारते, आता काय कराल? पहिला मुलगा बादली उचलतो आणि हमखास नाकावरून ओततो. त्याला तिथंच थांबवते. ते नाक आहे, कल्ले नाहीत. तू आत्ता त्याला बुडवलंस. दुसरा शेपटी धरून ओढायला जातो. काही टनांचा देह शेपटीनं ओढला तर मणके निखळतात. तिसरी त्याच्या तोंडासमोर उभी राहते, ओरडते. तो आवाजावर जगणारा प्राणी आहे, त्याच्या कानाशी शंभर माणसं किंचाळली तर त्याचं काय होत असेल?

मग गोणपाट भिजवून अंगावर टाकायचं, नाक उघडं ठेवून. पाठीवर सावली धरायची. पंखांखालची वाळू उकरून खड्डा करायचा म्हणजे पंख दबत नाहीत, ऊब बाहेर पडते. कारण उन्हानं त्याची कातडी भाजते हे खरं, पण त्याहून मोठा घात त्याच्या चरबीच्या थरानं होतो. थंड पाण्यासाठी मिळालेली ती गोधडी वाळूवर भट्टी होते. आणि आयुष्यभर पाण्यानं उचलून धरलेला देह जमिनीवर स्वतःच्याच भारानं स्वतःची फुप्फुसं दाबत राहतो. स्नायू चेंगरतात, त्यातून सुटलेली विषं मूत्रपिंडात जातात. म्हणून वरून शांत दिसणारा प्राणी आतून तासातासानं खचत असतो. आणि म्हणूनच या सगळ्याच्या आधी एक काम: दोरी बांधून माणसं लांब करायची आणि वनखात्याला कळवायचं. महाराष्ट्रात वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ आहे. मुलं तो तळहातावर लिहून घेतात. गोणपाट, सावली, खड्डा हे सगळं जाणकार माणूस येऊन सांगेल तेव्हा आणि तेवढंच. उघड्या हातानं त्याला शिवायचं नाही, मेलेल्याला तर नाहीच. त्याचे काही रोग आपल्यालाही लागू शकतात, आपले त्यालाही.

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं २०२१च्या जानेवारीत किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. उत्तम गोष्ट. पण त्या कागदातली समज देशावरच्या शाळेत कुणीतरी मराठीत, आमच्या गोण्यांवर करून दाखवल्याशिवाय पोचायची कशी?

एका वर्षी मी वर्गाला विचारलं, व्हेल म्हटलं की काय आठवतं? एक मुलगा ताडकन म्हणाला, "उलटी! कोटी रुपये!" त्याची चूक नव्हती. आमच्याकडच्या पेपरात देवमासा येतो तो बहुतेक वेळा असाच, 'व्हेल माशाची उलटी जप्त'. मग ही 'उलटी', म्हणजे अंबरग्रीस, शिकवावी लागली. स्पर्म व्हेल ही देवमाशाची जात माकूळ (स्क्विड) खाते, माकुळाच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात हा मेणासारखा गोळा धरतो. अत्तरवाल्यांना तो हवा असतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा प्राणी सर्वोच्च संरक्षणात आहे आणि त्याचा कुठलाही भाग विकणं गुन्हा आहे. ज्या जिवाला उभ्या आयुष्यात बघितलं नाही, त्याची पहिली ओळख बाजारभावानं व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

मच्छीमारांबद्दल मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. जाळ्यात सापडलेला डॉल्फिन किंवा कासव सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्यांचं शेत. महाराष्ट्रात २०१८च्या शेवटापासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. उभं पीक कापून दुसऱ्याचं जनावर सोडवलं असं म्हटलं की आमच्या मुलांना ते लगेच कळतं.

कळपाचंही तसंच. २०१६च्या जानेवारीत तमिळनाडूत तुतिकोरीनच्या बाजूला ऐंशीहून जास्त पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. १९७३ साली त्याच भागात १४७ लागले होते. लोकांनी पाण्यात लोटलेले काही पुन्हा वळून वाळूवर आले. असं का करतात, यावर मी बरंच बोलायची तयारी करून गेले होते. पण एक मुलगी म्हणाली, "म्होरकं वढ्यात उतारलं की मागची समदी उतारत्यात. आमच्या मेंढरांचं तसंच हाय." देवमाशांच्या बाबतीत शास्त्रज्ञही आजारी किंवा भरकटलेला म्होरक्या आणि त्याला न सोडणारा कळप हे एक कारण धरतात.

मेंढरांशी त्यांचं नातं तर याहून जवळचं आहे. देवमाशाचे पूर्वज खुरांचे, चार पायांचे होते. त्या घराण्याच्या जवळचा एक प्राणी, इंडोह्यूस, मांजराहून थोडा मोठा, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वी आपल्याच देशात जम्मूकडच्या कालाकोटच्या परिसरात पाण्याकाठी राहत होता. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकानं गोळा करून ठेवलेल्या दगडांत त्याची हाडं निघाली, आणि कानाच्या एका हाडाच्या जाडीवरून त्याचं देवमाशाशी नातं जुळलं. २००७ साली ते जगापुढे आलं. म्हणजे देवमासा हा सुरमईपेक्षा मेंढीला जवळचा. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही.

माझ्या सहकाऱ्यांशी माझा एक वाद आहे. त्यांना वाटतं मुलांना असे मेलेले प्राणी दाखवू नयेत. मला वाटतं, उलट, जिवंत लागलेला प्राणी दाखवू नये. तो तिथं शेवटचे श्वास मोजत असतो. त्याच्याभोवती वर्ग भरवायचा नाही, गाडी पुढे न्यायची. मेलेला मात्र दाखवावा, जाणत्या माणसाबरोबर, दोरीच्या अलीकडून, नीट वेळ देऊन. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. जिवंताची जत्रा होते आणि मेलेला खड्डा काढून घाईघाईनं पुरला जातो. सडायला लागलेला देह किनाऱ्यावर ठेवता येत नाही, हे मला कळतं. आतल्या वायूनं तो फुगतो. २००४ साली तैवानमध्ये ट्रकवरून नेताना एक स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता. पण पुरण्याआधी त्याचं माप घेतलं, पोट तपासलं, जाळ्याचे वण टिपले, आणि पुढे हाडं काढून ठेवली, तर तोच जीव शेकडो वर्षं शिकवत राहतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आज दारातून शिरताच डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. तो १८९१ साली आयर्लंडमध्ये वेक्सफर्डला वाळूत रुतलेला प्राणी आहे. २०१७ साली त्याला नाव दिलं 'होप', आशा.

आपल्याला त्यासाठी लंडन नको. रत्नागिरीच्या मत्स्यालयाच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. पूर्वी आमची सहल तिथं दहा मिनिटं थांबायची. आता मी तासभर मागून घेते. मुलांना आधी काही सांगत नाही. पंखाच्या हाडांपाशी नेऊन एवढंच म्हणते, आपला हात पुढं करा आणि तुलना करा. खांदा, दंड, मनगट, बोटं. मागं, मणक्याच्या खाली, कशालाच न जोडलेली कमरेची दोन बारकी हाडं बऱ्याच देवमाशांत असतात, पायांची आठवण, तेही सांगते. मागच्या सहलीत एक मुलगी बोटं मोजता मोजता हात मागं घेऊन स्वतःकडेच कितीतरी वेळ बघत राहिली. तिला मी गाडीसाठी हाक मारली नाही.

त्या मुलाचा नंबर मला गेल्या हिवाळ्यात मिळाला. आता तोच मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, शेतात वाडा बसवतो. संध्याकाळी फोन लागला. मागं मेंढरांचा आवाज होता. मी आधी घरचं विचारलं, मग बारा वर्षांपूर्वीचं काढलं. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले. तो मासा नव्हता."

"त्ये ठावं व्हतं की मॅडम. नाळ व्हती त्याला."

मग म्हणाला, "कुत्री व्हती तिथं चार. आय न्हवती बगा जवळ. म्हून जरा वाळू वडली त्याच्यावर. त्यातच गाडीला उशीर झाला. तवाच सांगणार व्हतो, पर तुमी लई रागावला व्हता."